इंधनाची पिके आणि मातीतील जीवसृष्टी

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० सालासाठी ठेवले होते. पुढे ती मुदत अलीकडे आणली गेली आणि २०२५ मध्ये देशाने तो टप्पा गाठलाही. या वाटचालीत तेलाची आयात किती घटली आणि साखर कारखान्यांच्या हाती किती पैसा आला, याचा हिशेब वारंवार मांडला जातो. परंतु ज्या जमिनीतून हे इंधन उगवते, तिच्या प्रकृतीचा विचार क्वचितच होतो. इंधनाच्या पिकामुळे जमीन सुधारते की खालावते, हे केवळ पिकाच्या नावावरून ठरत नाही. शेतातून काय उचलले जाते आणि शेतात काय मागे राहते, यावर ते मुख्यतः अवलंबून असते.

एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या जोडीला बुरशींचे सूक्ष्म तंतू पसरलेले असतात. हे सूक्ष्मजीव पिकांचे अवशेष कुजवून त्यांतील नत्र, स्फुरद आणि गंधक मुळांना शोषता येतील अशा रूपात आणतात, तर त्यांच्या चिकट स्रावांमुळे मातीचे कण एकत्र बांधले जाऊन जमीन भुसभुशीत राहते व तिच्यात पाणी आणि हवा खेळते. मायकोरायझा या नावाने ओळखली जाणारी बुरशी मुळांशी सहजीवन पत्करते आणि मुळे पोहोचू शकत नाहीत तेथील स्फुरद त्यांना आणून देते. उसाच्या ऊतींमध्ये राहून हवेतील नत्र स्थिर करणारा एक जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रकाशात आणला. पुढे महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांपर्यंत तो ॲसिटोबॅक्टर या जिवाणू खताच्या रूपाने पोहोचला.

या जीवसृष्टीचे अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब, अर्थात वनस्पतींच्या अवशेषांतून मातीत साठणारा कार्बन. उसामागून ऊस घेतला जातो तेव्हा वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या मुळांचे स्राव मातीत उतरतात, त्यामुळे सूक्ष्मजीवांची विविधता घटते आणि मुळांवर जगणाऱ्या रोगकारक बुरशी व सूत्रकृमी बळावतात. ऑस्ट्रेलियातील ऊस क्षेत्रात उत्पादन का खुंटले याचा शोध घेण्यासाठी १९९३ साली सुरू झालेल्या संशोधन प्रकल्पात एकपीक पद्धती, अतिमशागत आणि जड यंत्रांखाली दबलेली जमीन ही प्रमुख कारणे आढळली, आणि मध्ये सोयाबीन किंवा भुईमुगासारखे द्विदल पीक घेतल्यावर उसाचे उत्पादन पुन्हा वाढले. कृष्णाकाठच्या सांगली–कोल्हापूर पट्ट्यात याच्या जोडीला अतिसिंचनाचा प्रश्न आहे. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी साचून क्षार वर येतात आणि जमीन क्षारपड किंवा चोपण होते. शिवाय अशा गुदमरलेल्या मातीतील काही जिवाणू नत्रखताचे रूपांतर नायट्रस ऑक्साइड वायूत करतात. वजनास वजन धरल्यास शंभर वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवत असल्याने, इथेनॉलमुळे वाचलेल्या उत्सर्जनाचा काही भाग शेतातच वाया जातो.

उपायाची सुरुवात पाचटापासून, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरणाऱ्या उसाच्या वाळलेल्या पानांपासून होते. एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. ते पेटवले की त्यातील कर्ब आणि नत्र यांचा बहुतांश भाग हवेत जातो, आणि मातीच्या वरच्या थरातील जिवाणूही होरपळतात. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, तेच पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले, तर ओल टिकते, तण दबते आणि कुजण्यातून सेंद्रिय कर्बाची भर पडते. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्याने ते कुजवणारे सूक्ष्मजीव सुरुवातीला मातीतीलच नत्र वापरतात; म्हणून दर टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस केली जाते. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ साली कायदा करून ऊस पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग धरला, आणि तेथे पाचटाचे आच्छादन ही रूढ पद्धत झाली.

आता मात्र याच अवशेषांवर नवी मागणी येऊन ठेपली आहे. पेंढा, मक्याची ताटे आणि पाचट यांतील तंतुमय भागापासून मिळणाऱ्या इथेनॉलला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात, आणि भाताच्या पेंढ्यापासून ते बनवणारा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. जेथे पेंढा जाळलाच जात होता, तेथे त्याचा असा उपयोग हितकारक आहे. परंतु जेथे तो मातीत मिसळत होता, तेथून सगळाच उचलणे म्हणजे सूक्ष्मजीवांचे अन्न काढून घेणे होय. याउलट अमेरिकेतील स्विचग्राससारखी बहुवर्षायू गवते दरवर्षी नांगरणीशिवाय वाढतात आणि त्यांची खोल मुळे जमिनीत कर्ब साठवतात. त्यामुळे पडीक किंवा झिजलेल्या जमिनीत ती माती सुधारण्याचे काम करतात. कारखान्यातून निघणारे द्रवही असेच दुधारी आहे. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश (इथेनॉल वेगळे केल्यावर उरणारे सांडपाणी) निघतो. त्यात पालाश आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर असले, तरी तो प्रक्रियेविना जमिनीत सोडल्यास क्षार साचतात आणि प्राणवायूअभावी मातीतील जीवन कोंडते. प्रेसमडबरोबर (उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळाबरोबर) त्याचे कंपोस्ट करणे, अथवा तो जाळून राखेतील पालाश खत म्हणून शेताला परत देणे, हे योग्य मार्ग आहेत.

म्हणून इथेनॉलच्या प्रत्येक लिटरचा हिशेब मातीच्या सेंद्रिय कर्बासह मांडला जावा. साखर कारखान्यांनी पाचट न जाळणाऱ्या आणि उसाच्या फेरपालटात द्विदल पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला उत्तेजन द्यावे, आणि शेतकऱ्यांनी माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहावा. कारण तेल परदेशातून आणता येते, पण माती आणता येत नाही.