दिशांची मर्यादा आणि घरातील चौक

व्यापारी हा स्वभावतःच हिशेबी असतो. माल किती आला, किती गेला, उधारी कोणाकडे किती राहिली, या साऱ्याची नोंद तो रोजच्या रोज ठेवतो. परंतु ज्या एका भांडवलावर हा व्यवहार उभा असतो, त्या मनाच्या अवधानाची शिल्लक काढणारे फार थोडे. दिवसभर ते खर्च होते. रात्री भरून निघाले की नाही, हे कोणी विचारीत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींचे लक्ष आम्ही या एका दुर्लक्षित खात्याकडे वेधू इच्छितो.

आपल्या श्रावकाचाराने गृहस्थाला बारा व्रते सांगितली आहेत. त्यांतील अहिंसादी पाच अणुव्रते सर्वांच्या तोंडी असतात; त्यामानाने दिग्व्रताची चर्चा थोडी होते. वास्तविक व्यापाऱ्याला याहून जवळचे व्रत क्वचितच सापडेल. दाही दिशांना आपण कोठवर जाऊ, कोठवर व्यवहार करू, याची आयुष्यभरासाठी आखलेली सीमा म्हणजे दिग्व्रत. तीच सीमा काही काळापुरती आवळून गावापुरती, गल्लीपुरती किंवा घराच्या उंबरठ्यापुरती केली, की ते देशव्रत अथवा देशावकाशिक व्रत होते. लोभ आणि हिंसा यांचे क्षेत्र आटोक्यात ठेवणे, हा त्यामागील हेतू.

या व्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. स्वतः सीमेच्या आत बसून बाहेरची वस्तू मागविणे, माणसाकरवी बाहेर काम करविणे, आवाज देऊन बाहेरच्यास सूचित करणे, आपले रूप दाखवून खुणावणे आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे, हे ते पाच दोष होत. ही यादी वाचताना आजचा भ्रमणध्वनी डोळ्यांपुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही. उंबरठा न ओलांडता आपण इंदूरचा माल मागवितो, हैद्राबादच्या अडत्यास कामाला लावतो, आवाज धाडतो, चेहरा दाखवितो, आणि रात्री अकरा वाजता कोणाच्या तरी उशाशी संदेशाचा खडा टाकतो. देह माजघरात आणि मन मंडईत, अशी ही स्थिती आहे. ताटावर बसलेल्या माणसाला आमटी खारट की अळणी हे कळत नाही, आणि समोर बसलेल्या मुलाचा प्रश्न दोनदा विचारूनही कानांपर्यंत पोहोचत नाही.

पूर्वीच्या बाजारपेठेतील घरांची बांधणी या बाबतीत गृहस्थाला साहाय्य करीत असे. रस्त्याकडेला पेढी, तिच्यामागे सोपा, मग चौक, पलीकडे माजघर व स्वयंपाकघर, आणि शेवटी परसू. पेढीवरून उठलेल्या माणसाला चौक ओलांडून, हातपाय धुऊनच आत जावे लागे. त्या दहा-वीस पावलांत बाजार मागे पडे. शिवाय चौक हा घराचा श्वासही होता. रात्री थंड झालेली जड हवा तेथे उतरून राही व सकाळी भोवतीच्या खोल्यांना गारवा देई. तापलेली हवा वरच्या उघड्या अंगाने निघून जाई. उजेड मिळे, पण रस्त्याचा गोंगाट मिळत नसे.

हेच तत्त्व आपल्या धर्मस्थानांत अधिक उदात्त रूपाने दिसते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ मध्ये, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकीर्दीत, त्याचा मंत्री बिचिराज याने उभारली. बाहेरच्या उन्हातून खांबांच्या मंडपात पाऊल टाकताच डोळे निवतात, चाल मंदावते आणि दृष्टी आपोआप वर छताकडे जाते. तेथे दगडात कोरलेले बहात्तर पाकळ्यांचे कमळ आहे. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांचे ते स्मरण. गाभाऱ्यातील नेमिनाथांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मनाची निम्मी तयारी वास्तूने करून दिलेली असते.

या अनुभवाला आधुनिक संशोधनाचाही काही आधार आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या त्यांनी तपासल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, पहिल्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. पाहणी लहान होती, हे खरे. पण रुग्णालयांच्या रचनेचा विचार करणाऱ्यांना तिने नवी दिशा दिली. तसेच १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी सजगतेचे शिक्षण सुरू केले. पुढे आठ आठवड्यांचा तो क्रम जगभर पसरला. आपल्याकडे पाणी गाळताना, चालताना, दिवा लावताना जी यतना पाळावयास सांगितली आहे, तिचा हेतू जीवदयेचा असला, तरी हातातील कामावर मन ठेवण्याचे शिक्षण तीतही आहेच.

आता पेठांतून जुनी घरे उतरवून नव्या इमारती उठत आहेत. जागेचे भाव पाहता चौकाची जागा गोदामाला जाते, यात कोणास दोष देता येत नाही. तथापि नकाशावर सही करण्यापूर्वी घरधन्याने चार गोष्टींचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. दुकान व घर यांच्यामध्ये, लहान का होईना, आकाश दिसणारी मोकळी जागा असावी. घरातील वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या खोलीची खिडकी शक्य तर झाडाकडे उघडावी. सामायिकासाठी एक कोपरा राखून ठेवावा, आणि त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत भ्रमणध्वनीची जागा पेढीवरच्या कोनाड्यात असावी. चौथी गोष्ट आपल्या गुमास्त्यांची व हमालांची. दुपारी घटकाभर पाठ टेकण्यास त्यांना सावलीची, वाऱ्याची जागा मिळावी. अवधान त्यांचेही खर्च होते.

अर्थात नुसत्या बांधणीने शांती येत नाही. चौकात बसूनही बाजारभाव मोजणाऱ्याला चौक काय देणार? व्रताची सीमा मनाने आखावयाची असते. भिंत, उंबरठा व अंगण ती लक्षात आणून देतात, इतकेच. म्हणून ज्यांना घर बदलणे शक्य नाही, त्यांनी निदान सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ उंबरठ्याच्या आतली मानावी. तेवढ्या वेळात बाजार बुडत नाही, आणि घरातल्या माणसांना घरधनी सापडतो.