मधुमेहाचे पथ्य आणि आपले रोजचे ताट



मधुमेह हा गादीवर बसून राहणाऱ्यांचा रोग, कष्ट करणाऱ्याला तो होत नाही, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आहे. ती आता सोडून द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार खेड्यांतील दर शंभर प्रौढांमागे सुमारे ९ जणांना मधुमेह आहे. ट्रॅक्टर आले, मोटारसायकल आली, मोटारपंप आले. अंगमेहनत घटली, पण ताटातली भाकरी आणि भात तेवढाच राहिला.

मधुमेह झालेली माणसे पथ्य करीतच नाहीत, असे नाही. चहातली साखर बंद करतात, लग्नातली जिलेबी बाजूला सारतात. तरी तपासणीत साखर चढलेलीच निघते. मग "गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणून त्याही सुटतात आणि पुढे डोळे, मूत्रपिंड किंवा पाय यांवर बेतते. दोष पुष्कळदा गोळीचा नसतो. रक्तातली साखर केवळ गोडातून येत नाही, ती पिठातूनही येते, ही गोष्ट ध्यानात आलेली नसते.

पिठाची साखर कशी होते?

ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा यांत मुख्यतः पिष्टमय पदार्थ असतात. पोटात गेल्यावर त्यांचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. ते पेशींपर्यंत पोचवण्याचे काम इन्शुलिन करते. मधुमेहात हे इन्शुलिन कमी पडते किंवा त्याचा प्रभाव पडत नाही आणि साखर रक्तातच साचते.

आता ही साखर किती वेगाने उतरते, याला महत्त्व आहे. वाफ्यात मोकाट पाणी सोडले की ते तुंबते, ठिबकने दिले की जिरते. सडलेला पांढरा तांदूळ, मैदा, साबुदाणा हे मोकाट पाण्यासारखे समजा. डाळी, कडधान्ये, पालेभाज्या यांतला चोथा आणि प्रथिने ठिबकसारखे काम करतात. साखर हळूहळू उतरते.

भाकरी चालते, पण किती?

ज्वारी-बाजरीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा चांगलीच. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम असतो, तर सडलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमच्याही आत. परंतु त्याच शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय पदार्थ सुमारे ६८ ग्रॅम आहेत, हे विसरू नये. एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली, तरी चार भाकऱ्यांतून १६० ग्रॅमच्या वर पिष्ट पोटात जाते. "ज्वारीच आहे, कितीही खा" हा सल्ला म्हणून घातक आहे. पीठ चाळून कोंडा टाकू नये, हेही लक्षात ठेवावे.

गूळ, रस आणि चहा

गूळ घरचा असो वा सेंद्रिय, तो रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवतो. उसाच्या रसाचा हिशेब तर तुम्हाला कारखान्याच्या भाषेतच कळेल. ब्रिक्स १८ असलेल्या रसाचा एक पेला म्हणजे सहा-सात चमचे साखर. सुगीच्या दिवसांत पाच-सहा वेळा गोड चहा होतो, त्याचाही हिशेब एकदा मांडून पाहावा.

उपासाचे म्हणाल, तर "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण मधुमेह्याच्या बाबतीत फारच खरी ठरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर बटाटा आणि रताळे आले की साखर उसळणारच. उपास करायचाच, तर राजगिरा बेताने, जोडीला मूठभर शेंगदाणे, काकडी आणि ताक घ्यावे. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास करू नये.

ताट कसे वाढावे?

नेहमीच्या ताटाचे मनाने चार भाग करा. दोन भाग भाजी व कोशिंबीर: मेथी, शेपू, अंबाडी, दोडका, दुधी, गवार, शेवग्याच्या शेंगा, जे शेतात असेल ते. एक भाग घट्ट वरण किंवा मटकी, हुलगा, चवळी, मूग यांची उसळ. चालत असेल तर अंडी, मासे. उरलेल्या एका भागात भाकरी किंवा भात. आधी भाजी-उसळ खावी, भाकरी-भात मागाहून. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

रानात काम करताना

गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी खुरपणीला गेल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. साखर ७०च्या खाली गेली की धोका. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. नंतर थोडे खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. औषध घेणाऱ्याने रानात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. एरवी वर्ज्य असलेली साखर इथे जीव वाचवते.

भगिनींसाठी दोन शब्द

सर्वांचे आटोपल्यावर दुपारी तीन वाजता उरलेला भात आणि तळाशी राहिलेली आमटी, असे जेवण घरातल्या बाईच्या वाट्याला येते. मधुमेह तिला असेल, तर गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा मेळच बसत नाही. तिचे ताट वेळेवर आणि भाजी-उसळीसह वाढले जाईल, हे घरातल्या कर्त्या माणसाने पाहावे. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. वर सांगितलेले ताट सगळ्या घरालाच मानवणारे आहे.

स्वतःचे प्रात्यक्षिक घ्या

नवे वाण आपण आधी चार गुंठ्यांत लावून पाहतो. तसेच इथेही करावे. एके दिवशी भाताचे जेवण, दुसऱ्या दिवशी एक भाकरी, उसळ आणि भाजी. दोन्ही वेळा जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर तपासा आणि वहीत मांडा. बहुतेकांना हा आकडा १८०च्या आत ठेवायला सांगतात. तुमच्यासाठी किती, ते डॉक्टर सांगतील. कारले, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड जेवणात जरूर असावी, पण तिच्या भरवशावर गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नये.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली, तर पुन्हा तपासून खात्री करावी. आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात मेथी, दोडका, शेवगा एवढे तरी लावावे. ताटातले दोन भाग भाजीचे करायचे, तर भाजी घरात हवी.