ढोल उरतो, शब्द जातात

नोव्हेंबर २०२३मध्ये 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीची एक वेगळी रेकॉर्ड बाजारात आली. दहा वर्षांपूर्वीच्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज' या त्यांच्या गाजलेल्या अल्बमचीच ही नवी आवृत्ती होती. फरक एवढाच, की तिच्यातून ड्रमचे ठोके काढून टाकले होते. ज्यांच्या संगीतावर जग नाचले, त्यांच्याच गाण्यांतून ठेका काढल्यावर मागे दबलेली गिटार, व्हायोलिनचा साज आणि गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले.

आरोग्याच्या सदरात या रेकॉर्डचे काय काम, असे कुणी विचारेल. काम आहे. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानात नेमके याच्या उलट घडते. तिथे ठोका शिल्लक राहतो आणि शब्द निघून जातात. गणपती, शिमगा आणि हळदीच्या रात्री रत्नागिरीत ज्या तऱ्हेने डीजे वाजतो, ते पाहता ही गोष्ट समजून घेणे गरजेचे आहे.

थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे डाफ्ट पंकचे दोघे कलाकार. यंत्रमानवासारखे शिरस्त्राण घालून ते लोकांसमोर येत. पॅरिसमध्ये १९९३ साली सुरू झालेली ही जोडी फेब्रुवारी २०२१मध्ये वेगळी झाली. त्यांचे 'दा फंक' हे गाणे १९९५ साली बारा इंची व्हिनाइल तबकडीवर आले. २००१च्या 'डिस्कव्हरी' अल्बममधील गाण्यांची इतर कलाकारांनी केलेली रिमिक्स २००३ साली 'डाफ्ट क्लब' या नावाने निघाली. रिमिक्स म्हणजे काय, तर गाण्यातला आवाज, ठेका, बेस, सूर हे सगळे वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित झालेले असतात. त्यांतली एखादी पट्टी वाढवायची, एखादी काढायची, एखादी नवी घालायची आणि गाणे पुन्हा बांधायचे.

या यंत्रसंगीतात आपली मुंबईही मागे नव्हती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीचा सिंथेसायझर, बेसयंत्र आणि तालयंत्र घेऊन भैरवापासून बैरागीपर्यंत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. 'एचएमव्ही'ने काढलेली ही रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पुढे काही वर्षांनी युरोप-अमेरिकेत तशाच यंत्रांवरचे नृत्यसंगीत गाजले. मग एका डच संग्राहकाला ही जुनी तबकडी भारतात सापडली आणि २०१० साली ती पुन्हा छापली गेली. चरणजित सिंग २०१५ साली गेले. पण उतारवयात त्यांना जगभरचे श्रोते मिळाले.

रेकॉर्डच्या दुनियेची हीच गंमत आहे. विसरलेली तबकडी अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा निघते. काढलेला ठेका हवा तेव्हा परत घालता येतो. कानात मात्र एकदा पुसले गेलेले पुन्हा छापता येत नाही.

सुईने घातलेली मर्यादा

व्हिनाइलच्या तबकडीवर आवाज म्हणजे एक लांबलचक, नागमोडी खाच. सुई त्या खाचेतून सरकते, खाचेच्या वळणांनुसार थरथरते आणि त्या थरथरीचा पुढे आवाज होतो. बारीक, तीव्र सुरांची वळणे छोटी असतात. खर्जाची, म्हणजे बेसची वळणे मोठी. बेस फार वाढवला तर एक खाच शेजारच्या खाचेला भिडते, जागा जास्त लागते आणि गाणे तबकडीत मावत नाही. डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा जबर बेस दिला तर सुई उडी मारते. म्हणून तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना यंत्र तो ठरलेल्या प्रमाणात परत वाढवते. नृत्यसंगीतासाठी बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच गाणे देण्याचे कारणही हेच. खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि ठोका दमदार बसतो.

आपल्याकडे लग्नात माडाला बांधलेला कर्णा अनेकांना आठवत असेल. त्यावर रेकॉर्डी वाजत. आवाज कर्कश असे, पण खर्ज त्या कर्ण्यातून निघतच नसे. म्हणजे त्या काळचे लोक संयमी होते असे नव्हे. त्यांची यंत्रेच बेताची होती.

डिजिटल ध्वनिमुद्रणाने सुईची ही अडचण संपवली. हवा तेवढा बेस भरता येऊ लागला. शिवाय आपले गाणे दुसऱ्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून गाण्यातला हळू भागही दाबून मोठ्याच्या पातळीला आणायची चढाओढ लागली. 'रँडम ॲक्सेस मेमरीज'चे जाणकारांनी कौतुक केले, त्याचे एक कारण हे की त्यात हळू आणि मोठा हा फरक राखला होता. आपल्या मिरवणुकीतल्या रिमिक्समध्ये तो फरक जवळजवळ नसतो. कोळीगीत असो वा आरती, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारखाच मारा. कानाला मध्ये उसंत मिळत नाही.

कानात काय होते

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. तीव्र सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी, तर खर्ज टिपणाऱ्या पेशी आत, टोकाकडे असतात.

अति आवाजाने हे केस मोडतात आणि पेशी मरतात. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत. जन्माला येताना मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो.

आवाजाचा पहिला घाव बहुतेक वेळा ४,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर टिपणाऱ्या पेशींवर पडतो. बोलण्यातली स, श, फ, थ यांसारखी व्यंजने आपण या वरच्या पट्टीच्या आधारे ओळखतो. स्वर आणि ठेका खालच्या पट्टीत असतात. म्हणून असा माणूस डॉक्टरांना सांगतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." त्याला ढोल ऐकू येतो, गाडीचा हॉर्न ऐकू येतो, पण 'सात' की 'हात', 'ताप' की 'काप' हे कळत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली की तो हरवतो. मग तो टीव्हीचा आवाज वाढवतो आणि त्याबरोबर ठोकाच जास्त वाढतो.

डीजेसमोर दोन तास नाचल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, बारीक शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सगळे मोकळे होते. त्यामुळे काही बिघडले नाही असे पोरांना वाटते. बोस्टनमधील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली होती, केशपेशीही शाबूत होत्या. पण पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटले होते. कान मोकळा झाला म्हणजे नुकसान भरून आले, असे समजणे धोक्याचे आहे, हे तेव्हापासून अधिक स्पष्ट झाले.

किती आवाज, किती वेळ

डेसिबलचा हिशेब साधा नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, पण कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. आपली जाणीव आपल्याला फसवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती वीस मिनिटांच्या आसपास येते. ही वीस मिनिटे पूर्ण आठवड्याची आहेत. जगातल्या १२ ते ३५ वयोगटातील शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणाला मनोरंजनाच्या आवाजापासून धोका आहे, असा या संघटनेचा अंदाज आहे.

नाचणारा पोरगा निदान हौसेने आलेला असतो आणि कंटाळला की बाजूला होतो. टेम्पोचा चालक, डीजे चालवणारा, बंदोबस्ताचा पोलीस यांना ती सोय नसते. मिरवणूक संपेपर्यंत ते तिथेच उभे असतात. त्यांच्या कानांचा विचार कुणी करत नाही.

मोजणीतली फट

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाऊ नये, असेही नियम सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत.

हे आकडे 'डेसिबल ए' या पद्धतीने मोजतात. या पद्धतीत खर्ज मुद्दाम कमी धरला जातो, कारण मंद आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. डीजेच्या आवाजात मात्र खर्जाचाच भरणा असतो. ६० हर्ट्झच्या आसपासचा ११० डेसिबलचा ठोका या मोजणीत जवळजवळ २६ डेसिबलने कमी, म्हणजे ८४च्या आसपास दिसतो. छाती हादरते, खिडकीच्या काचा थरथरतात, शेजारच्या आजोबांची झोप उडते, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानाने सौम्य असतो. मोजणीची दुसरी, 'डेसिबल सी' ही पद्धत हा खर्ज जवळजवळ पुरता पकडते.

डाफ्ट पंकच्या देशाने ही फट ओळखली. ऑगस्ट २०१७मधील फ्रेंच हुकुमाने संगीताच्या ठिकाणी दोन मर्यादा एकदम घातल्या: पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०२ डेसिबल ए आणि ११८ डेसिबल सी. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी त्या अनुक्रमे ९४ आणि १०४ आहेत. प्रेक्षकांना कानातले बोळे फुकट द्यायचे, आणि कानाला विश्रांती मिळेल अशी शांत जागा किंवा शांत वेळ ठेवायचा, हेही त्यात आले. १०२ हा आकडा काही सुरक्षित नाही, आणि बंद सभागृहाची तुलना आपल्या रस्त्यावरच्या मिरवणुकीशी थेट होत नाही. तरी खर्ज वेगळा मोजायचा, ही कल्पना घेण्यासारखी आहे.

काय करता येईल

मंडळांनी बेसच्या खोक्यांची संख्या आधी ठरवून घ्यावी. एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवर आवाज मोजणारे ॲप ठेवावे आणि शक्य असेल तर त्यात 'ए'बरोबर 'सी'चा आकडाही पाहावा. मोबाइलची मोजणी अचूक नसते, पण अंदाज येतो. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे खालूबाजा किंवा भजन ध्वनिक्षेपकाशिवाय होऊ द्यावे. टेम्पोचालक आणि डीजेवाल्याला फोमचे कानबोळे द्यावेत. नीट बसवलेल्या बोळ्यांनी आवाज बराच कमी होतो. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नगण्य.

अंतर हे सर्वांत स्वस्त औषध. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. अरुंद आळीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे तिथे एवढा फायदा मिळत नाही. लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहू नये. बाळाला तर तिथे नेऊच नये. घरी हेडफोन वापरताना आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मध्ये मध्ये कान मोकळे सोडावेत.

कानातली शिट्टी एका दिवसानंतरही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि ऑडिओमेट्री करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. तेल घालून आठवडाभर वाट पाहणारे रुग्ण ही संधी गमावतात.

ज्यांना रोज मोठ्या आवाजात काम करावे लागते, त्या बेंजो पथकातल्या, ढोल-ताशा पथकातल्या आणि डीजेवर काम करणाऱ्या मुलांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ४,००० हर्ट्झपाशी आलेख खाली घसरलेला दिसला, की तोच इशारा समजावा. त्या टप्प्यावर समोरच्याचे बोलणे अजून नीट कळत असते, आणि राहिलेल्या पेशी वाचवायला वेळ असतो.