भिंत कुणाची, जमीन कुणाची

आपत्तीच्या काळातले सीमापार सहकार्य म्हटले की मराठी वाचकाला आधी आलमट्टी आठवते. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा दोन राज्यांत बरेचसे भांडण झाले ते धरणाच्या उंचीवरून. नदीकाठच्या गावांची गरज त्याहून साधी होती. कोयनेतून किती पाणी सुटते आहे आणि आलमट्टीतून किती पुढे जाते आहे, हे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी कळावे, एवढीच. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले आणि पावसाळ्यात विसर्गाची माहिती तत्काळ कळवत राहायचे ठरले. दोन सरकारे, दोन भाषा आणि न्यायाधिकरणातला जुना तंटा मध्ये असूनही हे जमले, कारण सीमा नकाशावर ठळक होती. पलीकडे दुसरे सरकार आहे आणि त्याच्याशी बोलावे लागेल, हे सर्वांना मान्य होते. मुंबईच्या उपनगरांत मात्र अशा सीमा पावलोपावली आहेत आणि त्या ठळक नाहीत. एक इमारत, एक भिंत, एक नाला, एक जिना यांच्या मधून त्या जातात आणि काही कोसळल्यावरच दिसू लागतात. उपनगरांतल्या अलीकडच्या मोठ्या दुर्घटना बारकाईने पाहिल्या, तर यंत्रणेकडे माणसे, पैसा किंवा यंत्रे नव्हती असे क्वचितच आढळते. धोका एकाच्या हद्दीत तयार झाला आणि तो पाहणारा, थोपवणारा, निस्तरणारा दुसऱ्याच हद्दीत होता, ही गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा आढळते.

मालाडच्या कुरार भागातली २ जुलै २०१९ ची घटना घ्या. मुसळधार पावसाच्या त्या रात्री टेकडीवरच्या जलाशयाभोवतीची संरक्षक भिंत पाण्याच्या दाबाने फुटली आणि खालच्या पिंपरीपाडा व आंबेडकरनगरच्या वस्तीवर आली. तीसहून अधिक माणसे मेली. भिंत महापालिकेची. वस्ती होती ती जमीन वनखात्याची. तिथल्या कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडलेले. भिंतीचा आराखडा करणाऱ्याने खालच्या वस्तीचा विचार करावा असे कुठल्या कागदात लिहिलेले नव्हते आणि वस्ती हटवायची की राखायची हे ठरवणाऱ्याला वरच्या भिंतीबद्दल विचारण्याचे कारण नव्हते. आपापल्या फायलीपुरते कदाचित प्रत्येकाचे बरोबरही असेल. उपनगरांतल्या टेकड्यांवर हेच चित्र दिसते. पावसाळ्याआधी दरडीचा इशारा महापालिका देते, जमीन बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची किंवा एखाद्या केंद्रीय खात्याची असते आणि संरक्षक भिंत बांधायचे काम म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाकडे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरडीखाली सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली, तेव्हापासून हे तीन हात एकत्र आणण्याची गरज सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये विक्रोळी आणि चेंबूरच्या उतारांवर एकाच रात्री पुन्हा माणसे दगावली.

घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी पडलेला जाहिरात फलक या सगळ्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. महापालिका शहरात ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगी देत नाही. हा फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. तो उभा होता त्या जागेचा ताबा लोहमार्ग पोलिसांकडे होता आणि परवानगीही तिथूनच मिळालेली होती, त्यामुळे महापालिकेची परवानगी लागते की नाही हाच वादाचा विषय राहिला. वादळी वाऱ्यात फलक कोसळला आणि खालच्या पेट्रोल पंपावर आडोशाला थांबलेली माणसे त्याखाली सापडली. १७ जणांचा जीव गेला. बचावकार्य ६० तासांहून अधिक चालले, कारण पंपाच्या टाक्यांजवळ गॅस कटरने लोखंड कापणे धोक्याचे होते. अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तिथे जिवाची बाजी लावली, यात शंका नाही. खरा धडा त्यानंतरच्या दिवसांत मिळाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३० चा आधार घेऊन महापालिकेने रेल्वे प्रशासनांना ठरलेल्या मापापेक्षा मोठे फलक उतरवण्याची नोटीस दिली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला त्या निर्देशांचे पालन करण्यास सांगितले. म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीतल्या धोक्याबद्दल निर्देश देण्याचा अधिकार कायद्यात होता आणि तो २००५ पासून होता. फलक उभा राहत असताना तो कुणी वापरला नाही. वापरायचा कुणी, कोणत्या क्षणी, आणि समोरच्याने नाही म्हटले तर जायचे कुणाकडे, हे आधी ठरलेलेच नव्हते.

अंधेरीचा गोखले पूल हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सांगतो. ३ जुलै २०१८ च्या सकाळी पुलाचा पादचारी भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. मोटरमनने वेळीच ब्रेक लावल्यामुळे लोकल थांबली, तरी दोघांचा मृत्यू झाला. पूल महापालिकेचा, रुळांवरचा भाग रेल्वेच्या देखरेखीखाली आणि पादचारी मार्गावर काळाच्या ओघात चढत गेलेला केबल, वाळू आणि पेव्हर ब्लॉकचा भार. त्या ओझ्याचा हिशेब कुणी ठेवायचा यावर दोन्ही बाजू बराच काळ एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. त्यानंतर शहरातल्या ४४५ पुलांची तपासणी आयआयटी मुंबईच्या मदतीने एकत्रितपणे करायचे ठरले, हे चांगलेच झाले. पण तपासणी एकत्र झाली म्हणून बांधणी एकत्र होते असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केलेल्या या पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाच्या उंचीशी जुळलीच नाही. रेल्वेच्या नियमाप्रमाणे रुळांवरची उंची वाढली आणि जोडणारा उड्डाणपूल जुन्याच पातळीवर राहिला. आयआयटी आणि व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने तो उचलून जोडेपर्यंत जुलै २०२४ उजाडला. अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणारे रस्ते मोजकेच आहेत आणि भुयारी मार्ग जोराच्या पावसात हमखास बुडतो. तेवढ्या काळात रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाच्या गाडीला वळसा घालावा लागला असेल, तो आपत्तीच्या तयारीतलाच तोटा म्हणायचा.

काहीच सुधारले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक असताना उपनगरांत नेमके काय कोसळते आहे हे सांगणारी पुरेशी साधने त्या दिवशी नव्हती. माधवराव चितळे समितीने या उणिवांचा सविस्तर अभ्यास केला. आज वॉर्डावॉर्डांत स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर जानेवारी २०२२ पासून दुसरे डॉप्लर रडार चालते आणि केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने महापालिकेबरोबर उभारलेली पूर-इशारा यंत्रणा जून २०२० पासून कामात आहे. महापालिकेच्या नियंत्रण कक्षातून रेल्वे, पोलीस आणि हवामान खात्याशी थेट संपर्क होतो. माहितीने हद्द ओलांडली, हे मुंबईचे खरे यश आहे. जमीन, पैसा आणि हुकूम यांनी ती ओलांडलेली नाही. अंधेरीच्या मोगरा नाल्यावरचे पंपिंग स्टेशन जागेच्या वादात आणि माहुलचे मिठागर आयुक्तांच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकले. भरतीच्या वेळी पाणी कुठे तुंबणार हे आता तासभर आधी कळते, पण ते उपसण्याची जागा दुसऱ्या खात्याच्या सातबाऱ्यावर आहे.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे एकच सर्वाधिकारी. सगळे अधिकार एका हातात द्या, म्हणजे भांडण मिटेल. हा उपाय मुंबईने करून पाहिला आहे. २००५ च्या पुरानंतर महिन्याभरात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. याहून वरचा अध्यक्ष राज्यात मिळणार नाही. तरीही नदीचे काम दोन तुकड्यांत वाटले गेले. वरचा सुमारे १२ किलोमीटरचा भाग महापालिकेकडे आणि खालचा सुमारे ६ किलोमीटरचा एमएमआरडीएकडे. मध्ये विमानतळ राहिलाच, जिथे धावपट्टीला वळसा घालताना नदी काटकोनात वळवलेली आहे. नवे प्राधिकरण म्हणजे आधीच्या पाच हद्दींत सहावी, एवढाच अर्थ अनेकदा उरतो. शिवाय रेल्वेचे म्हणणे उडवून लावता येत नाही. रोज लाखो प्रवासी नेणाऱ्या रुळांखालचा नाला कधी आणि कसा साफ करायचा हे बाहेरच्या अभियंत्याने ठरवले, तर एक आपत्ती टाळताना दुसरी ओढवेल. तोच मुद्दा विमानतळाचा, तोच अणुशक्ती केंद्राच्या कुंपणाचा. हे अधिकार काढून घ्यावेत असे माझे म्हणणे नाही. स्वतःच्या हद्दीत काम करण्याचा अधिकार राहू द्यावा. स्वतःच्या हद्दीतला धोका शेजाऱ्याला कळवण्याचे बंधन मात्र त्यापासून वेगळे काढून कायद्याने पक्के करावे. कोणती पातळी ओलांडली की कुणी कुणाला कळवायचे, किती मिनिटांत, घटनास्थळी नेतृत्व कुणाचे आणि खर्च कुणाच्या खात्यावर, एवढे चार प्रश्न प्रत्येक धोक्याच्या ठिकाणासाठी लिहून ठेवता येतात.

लिहिलेले कागदावरच राहते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर उपनगरातच, चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. भोपाळनंतर आलेल्या १९८९ च्या घातक रसायन नियमांनी तिथे कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन योजनेची दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या योजनेची वर्षातून एकदा रंगीत तालीम सक्तीची केली. शेजारी कारखान्यांनी एकमेकांना बंब, फोम आणि माणसे देण्याचे परस्पर साहाय्य गट बनवले. बाजारात स्पर्धक असलेल्या कंपन्या आगीत एकमेकांच्या फाटकातून आत जातात, कारण मदत मागायची कुणाकडे आणि येणाऱ्याने कुणाचे ऐकायचे हे तालमीत ठरलेले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या शुद्धीकरण प्रकल्पात स्फोट झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले, पण कुणाचा जीव गेला नाही. त्याचे सारे श्रेय तालमींना देणे धाडसाचे होईल. इतक्या ज्वालाग्राही शेजारात सवयीचा वाटा शून्य होता, असे म्हणणे मात्र त्याहून धाडसाचे आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या वणव्यांत अनेक अग्निशमन दले एकत्र आली, पण त्यांच्या संज्ञा आणि हुकमाच्या साखळ्या वेगवेगळ्या होत्या. त्या गोंधळातून घटनास्थळी नेतृत्वाची एकच पद्धत जन्मली. तिचे भारतीय रूप राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत दिले आणि संयुक्त नेतृत्वाची तरतूद त्यात आहे. संयुक्त जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, ही भीती तिथे दूर केलेली आहे. खाती अनेक असली तरी त्या ठिकाणची योजना एक आणि ती राबवणारा प्रमुख नावानिशी ठरलेला.

मार्च २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती होऊन महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली आहे. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. मुंबईच्या दृष्टीने खरा प्रश्न उरलेल्या खुर्च्यांचा आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वे, विमानतळ, वनखाते, म्हाडा आणि लोहमार्ग पोलीस त्या टेबलाशी सदस्य म्हणून बसणार की पाहुणे म्हणून बोलावले जाणार, यावर बरेच अवलंबून आहे. दुसरी अडचण कायद्याच्या रचनेतच आहे. प्राधिकरण शहराच्या हद्दीत थांबते, तर मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणे, दहिसरचा ओलांडला की मीरा-भाईंदर. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत कोसळली, तेव्हा ठाणे महापालिकेचे आपत्ती प्रतिसाद पथक राष्ट्रीय दलाबरोबर ढिगाऱ्यावर उतरले. अशी मदत आज प्रसंगानुसार आणि वरिष्ठांच्या फोनवर होते. ती करारात यायला हवी. सुरुवात घाटकोपर स्थानकापासून करता येईल. तिथे मध्य रेल्वेचे फलाट, मेट्रो एकचे स्थानक, महापालिकेचा रस्ता आणि लोहमार्ग पोलिसांची चौकी काही मीटरांत एकमेकांना भिडलेली आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली, तिथल्यासारखीच गर्दी इथे रोज संध्याकाळी जिन्यांवर असते. मेट्रोचा जिना कुणी थांबवायचा, लोकलची घोषणा कुणी बदलायची, रस्ता रुग्णवाहिकेसाठी कुणी मोकळा करायचा, हे ठरवून चारही यंत्रणांनी येत्या पावसाळ्याआधी तिथे एकत्र तालीम घ्यावी आणि तिचा अहवाल वेळांच्या नोंदीसह प्रवाशांसाठी स्थानकावर लावावा.