तात्पुरता ताबा

आमच्या वस्तीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. घराण्यातला पहिला पदवीधर झाल्याचा हा कर. मागे शेजारची एक बाई नोटीस घेऊन आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती रात्री अंगावरच्या साडीनिशी माहेरी निघून आली होती; सात वर्षांची मुलगी मागेच राहिली. "सर, पोर कायमची गेली का?" तिने विचारले. मी साहित्य शिकवतो. कायदा मला त्या निमित्ताने वाचावा लागला.

मुलाच्या ताब्याचा अंतिम निकाल लागायला वर्षे जातात. तोवर मूल कोठे राहील, कोणाला भेटेल, हे अंतरिम आदेशाने ठरते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १२ आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ न्यायालयाला हा अधिकार देतात. (आपण बौद्ध झालो तरी या विवाह कायद्याच्या लेखी 'हिंदू'च राहतो!) १९५६ चा कायदा पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ ठेवतो. पण वय कितीही असो, शेवटची कसोटी एकच, मुलाचे कल्याण.

आदेश तात्पुरता, म्हणून आपली माणसे तो हलका समजतात. येथेच घात होतो. मूल जेथे ठेवले तेथे रुळते, तिथल्या शाळेत जाते, आणि पुढे रुळलेले मूल हलवू नये असे म्हणायला न्यायालयाला आधार मिळतो. तात्पुरत्याचे कायम कधी झाले ते कोणाला कळतही नाही. म्हणून घर सोडलेल्या आईने 'निकाल लागू दे' म्हणत बसू नये. ताब्याचा अंतरिम अर्ज आधी द्यावा.

धोका आहे हे न्यायालयाला कळावे कसे? १९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. ते मुलाशी बोलतात, सांगितल्यास घर पाहून अहवाल देतात. त्याच कायद्याचे कलम १४ फार मोलाचे आहे. साक्षीपुराव्याच्या काटेकोर नियमांत न बसणारा कागदही न्यायाधीश पाहू शकतात. शाळेच्या बाईंची चिठ्ठी, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, पोलीस ठाण्यातली नोंद, सारे चालते. पण आमच्या बाया मार खाऊन हळद लावतात, केसपेपर काढत नाहीत.

तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न करणे हेही या न्यायालयाचे कर्तव्य आहे. नवराबायकोच्या भांडणात ते ठीक. मार खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला त्या शब्दाची भीती वाटते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा येथे अधिक स्पष्ट आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि बापाची भेट मुलाला घातक ठरेल असे वाटल्यास दंडाधिकाऱ्याने ती नाकारलीच पाहिजे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालमधला एक खटला आला. आई मेलेली, हुंडाबळीचा आरोप बापावर, मूल आजीआजोबांकडे. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ताबा बापाला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावले; त्याला बापाकडे जायचे नव्हते. फौजदारी खटला प्रलंबित असताना त्याकडे काणाडोळा करता येत नाही, असे सांगून त्यांनी तो निकाल फिरवला.

आमच्या बाईच्या नोटिशीत मात्र वेगळेच हत्यार होते. नवऱ्याला कायम नोकरी, पक्के घर. बाई धुणीभांडी करते. कल्याण म्हणजे स्लॅबचे घर! मिळकत हा कल्याणाचा एकच निकष नव्हे, आणि कलम २६ खाली मुलाचा खर्च बापाकडून मागता येतो. वकिलाचेही तसेच. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातीजमातींना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य आहे. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मलाही.

अर्ज दिला, शाळेचे पत्र जोडले. समुपदेशक मुलीशी दोन वेळा बोलल्या. आदेश झाला: निकालापर्यंत मुलगी आईकडे, बापाची भेट पहिल्या व तिसऱ्या शनिवारी न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या देखरेखीखाली. तो कागद बाईने प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवला आहे. प्रत्येक शनिवारच्या आदल्या रात्री ती तो माझ्याकडून पुन्हा वाचून घेते.