नळापर्यंत न गेलेला हात

सकाळचे पावणेसात. दाराशी दुधाची पिशवी येऊन पडली आहे. ती उचलायची, फोडायची आणि दूध तापत ठेवायचं, एवढंच काम. पण पिशवीला दूधवाल्याचा हात लागलेला, त्याआधी क्रेट लागलेला. म्हणून आधी पिशवी धुवायची, मग हात, मग ज्या हातांनी नळ उघडला तो नळ. नळ धुताना शिंतोडे उडाले म्हणून पुन्हा कोपरापर्यंत हात. चहा होईस्तोवर साडेआठ वाजतात. बोटांच्या बेचक्यांत साबणाने भेगा पडल्या आहेत. या घरातल्या बाईला आपण करतो त्यात अर्थ नाही हे पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असूनही हात थांबत नाही, हेच तिचं दुखणं आहे.

हे चित्र मी कल्पनेने रंगवलं असलं, तरी मानसोपचारतज्ज्ञांना त्यात नवीन काही दिसणार नाही. आपल्याकडे याला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. तो बहुतेक वेळा चेष्टेत वापरला जातो, आणि म्हणूनच माणसं कित्येक वर्षं कुणाला काही सांगत नाहीत. वैद्यकात त्याला ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी, म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या सुमारे ०.८ टक्के प्रौढांमध्ये तो आढळला. म्हणजे सव्वाशे माणसांत एक. दोन-तीन मजली चाळीत एखादं तरी घर.

या आजाराची गाठ कशी बसते ते आधी पाहू, कारण उपचार आणि त्यासाठी पुढे येणारं तंत्रज्ञान तिथेच काम करतं. नको असलेला विचार डोक्यात घुसतो: हाताला घाण लागली. धास्ती वाढते. हात धुतले की ती झर्रकन उतरते. मेंदू नेमका हा उतार लक्षात ठेवतो आणि धुतल्यामुळेच आपण वाचलो असा धडा घेतो. पुढच्या खेपेला विचार अधिक जोराने येतो, धुणं अधिक लांबतं. न धुताही धास्ती आपोआप ओसरली असती, हे शिकायची संधी मेंदूला कधी मिळतच नाही.

ती संधी मुद्दाम देऊन पाहिली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने, १९६६ मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये. त्या काळी हा आजार जवळजवळ असाध्य मानत. मेयर यांनी रुग्णांना त्यांना घाण वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला लावलं आणि नंतर धुऊ दिलं नाही. परिचारिका लक्ष ठेवत. खोलीतल्या नळाचं पाणीच बंद केलेलं. सुरुवातीला दोनच रुग्ण होते. १९७४ पर्यंत पंधरा जणांवर हा उपचार झाला आणि त्यातल्या दहा जणांत मोठी सुधारणा दिसली. आज ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, म्हणजेच ईआरपी, या नावाने हाच उपचार जगभर पहिल्या पसंतीचा आहे. गरजेप्रमाणे सोबत औषधंही असतात. आता कुणी जबरदस्तीने नळ बंद करत नाही. रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून धास्तीची शिडी आखतात आणि सोप्या पायरीपासून वर चढतात. आधी दाराची कडी, मग चपलेचा तळवा, मग कचऱ्याच्या डब्याचं झाकण.

अडचण अशी की ओसीडी दवाखान्यात राहत नाही, घरात राहतो. थेरपिस्टच्या टेबलाला हात लावून शांत बसू शकणारी बाई स्वतःच्या ओट्यापाशी आली की कोसळते. दवाखान्यातला सराव घरी नेला पाहिजे, आणि थेरपिस्टला दर वेळी घरी येणं शक्य नसतं. ऑगमेंटेड रिॲलिटी मला महत्त्वाची वाटते ती इथे.

व्हर्च्युअल रिॲलिटीत चष्मा चढवला की भोवतालचं जग नाहीसं होतं आणि संगणकाने रचलेलं दुसरं जग दिसतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये संशोधकांनी २०१६ साली एक घाणेरडं सार्वजनिक स्वच्छतागृह असं उभं केलं होतं. त्यात पाऊल टाकताच ओसीडीच्या रुग्णांची धास्ती खरोखर चढली. पण तिथे दिसणारा हात चितारलेला असतो. ऑगमेंटेड रिॲलिटीत जग तुमचंच राहतं, त्यावर फक्त भर पडते. ओटा तुमचा, नळ तुमचा, हातातली बांगडी तुमची. फक्त तळहातावर एक तपकिरी, ओलसर डाग दिसतो, जो तिथे नाही.

तो डाग तिथे टिकवणं सोपं नाही. चष्म्यातले कॅमेरे खोलीच्या भिंती, कडा, कोपरे सतत मोजत असतात आणि डोकं किती वळलं याचा हिशेब ठेवतात. २०१९ मध्ये आलेला होलोलेन्स २ हा चष्मा प्रत्येक हातावरच्या पंचवीस सांध्यांचा माग काढत असे. तळहात वळला की डाग वळला पाहिजे, मूठ मिटली की दडला पाहिजे, खिडकीतून ऊन आलं की चकाकला पाहिजे. हात हलल्यावर डाग क्षणभर मागे रेंगाळला तरी मन ओळखतं की हा खोटा आहे. धास्तीच आली नाही तर उपचाराचंही काम होत नाही.

ही वाट आधी चालून पाहिली स्पेनच्या कास्तेयोन शहरातल्या क्रिस्तिना बोतेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, झुरळांच्या बाबतीत. २००५ मध्ये त्यांनी झुरळांची भीती असलेल्या एका तरुणीवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. खऱ्या टेबलावर, खऱ्या हाताशेजारी संगणकाची झुरळं फिरत, आणि त्यांची संख्या व आकार थेरपिस्ट हवा तसा वाढवू शकत. २०१६ मध्ये त्याच गटाने ६३ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खऱ्या प्राण्यांसमोर बसवलं, काहींना आभासी. उपचार संपताना काही बाबतींत खऱ्या प्राण्यांचा गट पुढे होता. तीन आणि सहा महिन्यांनी तपासलं, तेव्हा तो फरक उरला नव्हता.

पण झुरळावरून डागावर उडी मारता येत नाही. झुरळाची भीती डोळ्यांतून शिरते, तर घाणीची किळस स्पर्शातून आणि वासातूनही, आणि चष्म्यात हे दोन्ही नाहीत. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ओसीडी असलेलं मन सुटकेची फट शोधण्यात पटाईत असतं. ‘हे खरं थोडंच आहे’ असं मनात म्हणणं हेसुद्धा एक छुपं हात धुणंच ठरू शकतं.

तरीही खोट्या घाणीने खरी धास्ती येते, आणि याचा पुरावा चष्म्याशिवायच मिळाला आहे. मला तो फार विलक्षण वाटतो. तुमचा हात पडद्याआड लपवून समोर रबरी हात ठेवला आणि दोन्हींवरून एकाच लयीत ब्रश फिरवला, तर थोड्या वेळात रबरी हात आपलाच वाटू लागतो. हा भास १९९८ मध्ये प्रथम नोंदला गेला. त्याचा उपयोग करून बालंद जलाल, व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये ओसीडीच्या २९ रुग्णांवर प्रयोग केला. रबरी हाताला विष्ठेसारखा दिसणारा बनावट पदार्थ फासला आणि त्याच क्षणी पडद्याआडच्या खऱ्या हाताला ओला टिश्यू लावला. ज्यांच्या दोन्ही हातांवरून ब्रश एका लयीत फिरत राहिला, त्यांना दहा मिनिटांनंतर इतरांपेक्षा जास्त किळस वाटली, स्वतःचा हात स्वच्छ असूनही. २०२० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ओल्या टिश्यूचा एक तुकडा मेंदूला पुरला. माझ्या मते ऑगमेंटेड रिॲलिटीने इथून शिकायला हवं: डाग डोळ्यांना दाखवा, आणि त्याच क्षणी बोटाला निरुपद्रवी ओलावा लागू द्या.

जर्मनीतल्या हँबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातले संशोधक संसर्गाची धास्ती असलेल्या रुग्णांसाठी अशा चष्म्याचा उपयोग तपासत आहेत. हे सगळं अजून प्राथमिक आहे. आणि हे फक्त घाणीच्या धास्तीबद्दल झालं. कुलूप दहादा तपासणारे, देवाबद्दल नको ते विचार येऊन रात्रभर माफी मागणारे, आपल्याच लेकराला इजा करू या भीतीने सुरी लपवणारे, या सगळ्यांना चष्म्यात काय दाखवायचं?

शिवाय पैसा. होलोलेन्स २ ची किंमत ३,५०० डॉलर होती, आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादनच थांबवलं. एका कंपनीच्या एका यंत्रावर उपचार टांगून ठेवणं शहाणपणाचं नाही. आपल्यासाठी वाट मोबाइलमधून जाईल असं मला वाटतं. खोलीच्या चित्रावर आभासी वस्तू बसवण्याची सोय २०१७ पासून साध्या फोनमध्येही येऊ लागली आहे. फोन चष्म्याइतका गुंगवून टाकणार नाही, पण शिडीची पहिली पायरी म्हणून चालू शकेल.

पहिलीच पायरी, हे महत्त्वाचं. डाग दिसला, छाती धडधडली, आणि मग? मग ती बाई ओट्यापाशी उभी राहते. नळ हाताच्या अंतरावर आहे. धुवायची ऊर्मी चढत जाते, आता फुटेल असं वाटतं, आणि हात जागचा हलत नाही. दहा मिनिटं जातात, वीस जातात. धास्ती कधी ओसरते, कधी तशीच राहते, पण ती सोसता येते हे कळतं. ही वीस मिनिटं कुठलाही चष्मा तिच्या वतीने काढून देऊ शकत नाही. तेव्हा फोनवर का होईना, तिला थेरपिस्टचा आवाज हवा, आणि ‘झालं ना स्वच्छ?’ या प्रश्नाला उत्तर न देता शेजारी उभं राहायला शिकलेलं घरचं माणूस हवं.

चष्म्यासाठी थांबू नका. ईआरपी आजही उपलब्ध आहे आणि त्यासाठी ओळखीचा नळ, दाराची कडी आणि प्रशिक्षित थेरपिस्ट पुरतो. स्वतः शिडी आखायला जाऊ नका, आणि घरच्या माणसाचा नळ रागाने बंद करू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.