पाठीवरचा हात

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडनं दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर गेलं की मामल्लपुरम लागतं. पल्लवकालीन शिल्पं बघायला तिथं बाराही महिने गर्दी असते. याच गावच्या मच्छीमार वस्तीतली कमली मूर्ती लहानपणीच स्केटबोर्डवर उभी राहिली. फ्रॉक घालून अनवाणी पायांनी उतारावरून निघालेल्या या मुलीचा फोटो अमेरिकेतला नामवंत स्केटबोर्डर टोनी हॉक यानं सगळ्यांना दाखवला आणि तिचं नाव दूरवर पोचलं. गावात मात्र स्केटबोर्ड चालवणारी ती एकटीच मुलगी होती.

एकटी असणं सोपं नसतं. मुलग्यांच्या घोळक्यात आपली पाळी यायची वाट बघावी लागते, पडलं की सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात, आणि ‘मुलीच्या जातीला हे कशाला?’ हा प्रश्न फिरून फिरून घरी येतोच. कमलीची आई सुगंती लेकीच्या बाजूनं उभी राहिली. या मायलेकींवर साशा रेनबो हिनं केलेल्या ‘कमली’ या लघुपटाला २०२० मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या लघुपट गटात नामांकन मिळालं. त्या गटातला पुरस्कार ज्या लघुपटाला मिळाला, त्यातही काबूलमध्ये स्केटबोर्ड शिकणाऱ्या मुलीच होत्या. कमली पुढं लाटांवरही उतरली. २०२४ च्या इंडियन ओपन ऑफ सर्फिंग स्पर्धेत तिनं महिलांचा खुला गट जिंकला.

एवढं कौतुक प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. साध्या, बुजऱ्या, वर्गात कुणाशी न जमणाऱ्या मुलीला त्याआधी आणखी एक गोष्ट हवी असते: आपल्यासारख्या चारजणी. बंगळूरूच्या अतिता वर्गीसनं हे ओळखलं. ती स्वतः मुलग्यांमध्ये स्केटबोर्ड शिकली आणि २०१५ मध्ये तिनं ‘गर्ल स्केट इंडिया’ सुरू केलं, ते मुलींना एकमेकींची सोबत मिळावी म्हणून.

चाकांवरच्या या सोबतीचं सर्वांत ठळक रूप म्हणजे रोलर डर्बी. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर यानं हा खेळ सुरू केला, तो लांब पल्ल्याच्या स्केटिंगची स्पर्धा म्हणून. पुढं तो मागं पडला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी त्याला नवा जन्म दिला, आणि या वेळी संघ, नियम, कारभार सगळं खेळाडूंनी आपल्या हाती ठेवलं.

खेळ समजायला अवघड नाही. लंबगोल ट्रॅकवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी उतरतात. हेल्मेटवर चांदणी असलेली खेळाडू म्हणजे जॅमर. बाकी चौघी ब्लॉकर. जॅमरनं घोळक्यातून वाट काढत पुढं जायचं. पहिल्या फेरीला गुण नसतो. त्यानंतर प्रतिस्पर्धी संघातल्या जितक्या जणींना ती ओलांडेल, तितके गुण. असा एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. खांद्यानं, कमरेनं धक्का चालतो. कोपर मारणं, पाय घालणं चालत नाही.

या रचनेतच सामावून घेण्याची सोय आहे. चपळ, सडपातळ मुलगी फटीतून निसटते. भरल्या अंगाची मुलगी वाट अडवून धरते. वर्गात ज्या अंगावरून चिडवलं जातं, त्याच अंगाचा संघाला आधार होतो. प्रत्येकीनं स्वतःचं टोपणनाव निवडायचं, अशी इथली जुनी रीत. घरचं, शाळेचं ओझं त्या नावाला नसतं. स्वतः डर्बी खेळलेल्या शॉना क्रॉस हिच्या कादंबरीवरून २००९ मध्ये आलेल्या ‘व्हिप इट’ या सिनेमात सौंदर्यस्पर्धांना कंटाळलेली, लहानशा गावातली मुलगी अशीच स्वतःची ओळख शोधते. सिनेमाचं नाव डर्बीतल्या एका डावपेचावरून आलं आहे: सोबतीण जॅमरचा हात धरते आणि स्वतःचा वेग देऊन तिला पुढं भिरकावते.

चेन्नईच्या आरती कस्तुरी राजलाही वेगाची ही देवघेव चांगली ठाऊक आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती यांनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. या रिलेत हातात बॅटन नसतं. दमलेली खेळाडू पुढच्या सोबतिणीला मागून ढकलते आणि आपला उरलासुरला वेग तिच्या स्वाधीन करते. कुणावर तरी पूर्ण भरवसा टाकायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

म्हणून स्केटिंगचे वर्ग चालवणाऱ्यांकडं आणि पालकांकडं एक मागणी करावीशी वाटते. मुलीला नुसते स्केट्स घेऊन दिले की काम भागत नाही. आठवड्यातला एखादा तास फक्त मुलींसाठी राखून ठेवावा. शिकवायला वयानं थोडी मोठी, स्वतः स्केटिंग करणारी ताई असावी. ज्यांना महागडं साहित्य परवडत नाही, त्यांच्यासाठी वर्गातच हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची पॅड ठेवावीत. आणि पहिले काही महिने वेळ मोजायचं घड्याळ बाजूला ठेवून मुलींना जोडीनं पडू द्यावं, उठू द्यावं.